खासगी आणि दौलत : फोनवरील न्याहाळक निवडताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या नावाला साजेसे म्हणून मी संतवाङ्मयावर, निदान माळव्यातील मराठीवर तरी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. चालकांचीही ती होती. स्मार्टफोनवर कोणता ब्राउझर वापरावा हा विषय मी कळवला तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. ती रास्तच होती. ज्याने हयातभर वृत्ते आणि अलंकार शिकवले, त्याने सत्तरी उलटल्यावर यंत्रांविषयी बोलावे हे थोडे विपरीत खरे. परंतु या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका घरगुती प्रसंगाने मला तिकडे ढकलले. तो आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. डॉक्टरांनी तपासले आणि मला बाजूला घेऊन एका आजाराची शक्यता बोलून दाखवली. आणखी तपासण्या व्हायच्या होत्या. त्या झाल्यावरच तिला सांगू, असे मी मनाशी ठरवले. त्या रात्री ती झोपल्यावर मी फोन घेऊन बसलो आणि त्या आजाराविषयी मिळेल ते वाचत राहिलो. पुढच्या आठवड्यात भाजणीचे प्रमाण पाहण्यासाठी तिने माझाच फोन घेतला. पाककृतीच्या वर हातांचा कंप घालवणाऱ्या औषधाची जाहिरात होती. खाली घरी राहून रुग्णाची शुश्रूषा करणारी बाई पुरवण्याची. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि एवढेच विचारले, "अहो, हे मला झालंय का?"

तिला सांगायचे शब्द मी आठवडाभर जुळवत होतो. भाषेच्या प्राध्यापकाआधी ते काम एका जाहिरातीने उरकले. तिच्याच आजाराची वार्ता तिच्यापासून लपवली ही माझी चूक, आणि तिची कबुली मी तिच्यापुढे दिली आहे. पण ती चूक आम्हा दोघांमधली होती. तिसऱ्या कोणाला त्यात येण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही.

पुष्कळजण म्हणतात, "माझ्यापाशी लपवण्यासारखे आहे काय?" इंदूरच्या माणसाने तरी हे म्हणू नये. 'खासगी' हा शब्द आपण फारसीच्या वाटेने घेतला. कोणी खाजगी लिहितो, कोणी खासगी, आणि त्यावरून वाद घालणारे माझ्याच व्यवसायातले. पण होळकरशाहीत या शब्दाला काटेकोर अर्थ होता. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली, तिचे नाव खासगी. राज्याचा खजिना ती दौलत आणि राणीचे उत्पन्न ती खासगी. हिशेब वेगळे, वह्या वेगळ्या. गौतमाबाईंच्या पश्चात खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि तिच्यातून ठिकठिकाणी घाट आणि देवळे उभी राहिली. म्हणजे खासगीत लपवण्यासारखे काहीच नव्हते, उलट सगळा हिंदुस्थान पाहील असे होते. तरीही ती दौलतीत मिसळली नाही. आज छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्यांवरून चालत येताना माझ्या मनात हेच होते. गुपित आणि खासगी या दोन गोष्टी आहेत. गुपितात विचारायचे ते हे की गोष्ट झाकलेली आहे का. खासगीत विचारायचे ते हे की वही कोणाच्या हातात आहे.

आता फोनकडे. ब्राउझरला मराठीत कोणी 'न्याहाळक' असा शब्द केला आहे. शब्द बरा आहे, पण कोण कोणाला न्याहाळतो हे त्यावरून उलगडत नाही. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ते आपल्या फोनमध्ये एक चिठ्ठी ठेवू शकते. तिला कुकी म्हणतात. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ती योजली, आणि हेतू साधा होता : पुन्हा आलेले गिऱ्हाईक दुकानाने ओळखावे. सराफ्यातला दुकानदार आपल्याला ओळखतो, त्यात वावगे काय? परंतु समजा, सराफ्यात, शीतलामाता बाजारात, राजवाड्यासमोर, प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकाच पेढीचा एकेक कारकून वही घेऊन बसला आहे. त्याने आपल्याला काही विकलेले नाही, आपण त्याला पाहिलेलेही नाही. पण कोणत्या दुकानात आपण काय विचारले ते तो टिपतो, आणि संध्याकाळी सगळ्या वह्या एकत्र होतात. ही तृतीय पक्षाची कुकी. आजाराचे पान आणि भाजणीचे पान यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो त्या कारकुनाने जुळवला.

या कारकुनाला दाराशी अडवतो की खुर्ची देतो, यावरून ब्राउझर पारखावा, असे माझे मत आहे. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून त्याला सरसकट मज्जाव केला. गूगलच्या क्रोमनेही जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत तसे करण्याचे जाहीर केले होते. मुदती पुढे सरकत गेल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून देण्यात आला. ज्याचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते. आणि अँड्रॉइड फोनवर क्रोम आपण निवडत नाही, ते बसवलेलेच येते. अशा सक्तीच्या जोडणीबद्दलच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो दंड कायम राहिला. पण दंडाने आपल्या फोनवरचा ब्राउझर बदलत नाही. तो आपल्या बोटानेच बदलावा लागतो. सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स' असे एक पान असते, ते आज घरी गेल्यावर उघडून पाहावे.

'इन्कॉग्निटो' या शब्दाविषयी सावध करतो, कारण सुशिक्षितांची सर्वांत मोठी गैरसमजूत इथे आहे. त्या खिडकीत पाहिलेले आपल्या फोनमध्ये उरत नाही, इतकेच. घरातल्या माणसापासून ते झाकले जाते. संकेतस्थळ, त्यावरचे कारकून आणि फोनची कंपनी यांना आपली ये-जा दिसू शकतेच. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

तर घ्यावे काय? मी स्वतः फायरफॉक्स वापरतो. त्यात मागोवा रोखण्याची पातळी 'स्ट्रिक्ट' म्हणजे कडक ठेवता येते, आणि अँड्रॉइडवर 'यूब्लॉक ओरिजिन' नावाची पुरवणी जोडता येते. बहुतेक कारकून तिच्यापुढे उंबऱ्याबाहेरच राहतात. सौभाग्यवतींच्या फोनवर ब्रेव्ह आहे, कारण त्यात काही जोडावे लागत नाही, अडवणूक पहिल्यापासून चालू असते. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये एका खुणेवर बोट ठेवले की मागचे सगळे पुसले जाते. ज्यांना सेटिंग्जची भीती वाटते त्यांना तो मानवेल. टॉर आपला पत्ताच तीन टप्प्यांत फिरवून झाकतो. तो संथ आहे. पत्रकाराला किंवा जिवाला भीती असलेल्याला तो आधार आहे, आपल्याला भाजणीसाठी त्याची गरज नाही. आयफोनवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की आपल्याकडे तिथे कोणताही ब्राउझर घेतला तरी आतले इंजिन सफारीचेच असते.

पण पहारेकऱ्यावरही नजर हवी. २०२० मध्ये ब्रेव्ह काही पत्त्यांना स्वतःच्या दलालीची खूण परस्पर जोडत असल्याचे उघड झाले आणि त्याला माघार घ्यावी लागली. डकडकगो एका करारापायी मायक्रोसॉफ्टच्या काही कारकुनांना आत सोडत होता, हे २०२२ मध्ये कळले. बोभाटा झाल्यावर त्याने दार लावले. फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्न तर गूगलकडूनच येते. आणि पूर्वीचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. डेटा महाग होता त्या काळात यूसी ब्राउझर घरोघरी होता, कारण तो पाने दाबून लहान करून आणी आणि पैसे वाचवी. तो वापरकर्त्यांची माहिती नीट न झाकता बाहेर पाठवतो, असे टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने मे २०१५ मध्येच दाखवले होते. आपण वाचलेले पैसे मोजत राहिलो. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली तेव्हा तो गेला. त्यालाही कारण सीमेवरचा तणाव झाला, आपली जागरूकता नव्हे.

आता मराठीचा प्राध्यापक म्हणून एक गोष्ट, जी मला स्वतःला फार लागली. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला आपल्या पसंतीची भाषा कळवतो. पडद्याचे माप, घड्याळाचा विभाग, बसवलेले टंक अशा बारीकसारीक खुणा जुळवून, कुकी नसतानाही, माणूस ओळखता येतो. बोटाच्या ठशासारखाच हा प्रकार. या शहरात ज्यांनी फोनची भाषा मराठी ठेवली आहे ते थोडे. म्हणजे हजारो हिंदी-इंग्रजी फोनांच्या गर्दीत माझा फोन पगडी घातलेल्या माणसासारखा उठून दिसतो. भाषा बदला, गर्दीत मिसळाल, असा सल्ला एका जाणत्या तरुणाने मला दिला. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. मी तो मानलेला नाही. या पगडीची किंमत मी ओळखून मोजतो. नकळत मोजावी लागली असती तर माझी तक्रार होती.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यातली दोन प्रकरणे आपल्याच प्रांतातून गेली. पोलिसांच्या पाळतीविरुद्धच्या गोविंद विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये खासगीपणाच्या हक्काचे दार किलकिले केले. पुढच्याच वर्षी जबलपूर प्रकरणात आणीबाणीने सगळीच दारे लागली. त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या वेळी जबलपूरचा निर्णय चुकीचा होता असे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव. २०२३ मध्ये विदासंरक्षणाचा कायदाही झाला. पण भाजणीच्या पानावर कोण बसला आहे हे पाहायला न्यायमूर्ती येणार नाहीत.

शेवटी अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कडक ब्राउझरमध्ये एखादे बँकेचे किंवा सरकारी पान मधूनच अडते. त्यासाठी मी दुसरा ब्राउझर ठेवला आहे आणि तो त्या कामापुरताच उघडतो. ज्या स्थळावर आपण नावानिशी प्रवेश करतो तिथे कोणताही ब्राउझर आपल्याला अनोळखी ठेवू शकत नाही. ॲप्सची गोष्ट निराळी, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

सौभाग्यवतींचे निदान पुढे नक्की झाले. औषधे चालू आहेत, हात बराच स्थिर आहे, आणि आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हा प्रसंग सांगू का, असे मी त्यांना विचारले होते. दोन दिवस विचार करून त्यांनी होकार दिला, आणि आजाराचे नाव मात्र घ्यायचे नाही अशी अट घातली. ती मी पाळली आहे.