गोठ्याच्या कुजक्या मेढी पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करा



पावसाळ्यात गोठा बसला की आपण वाऱ्याला दोष देतो. पण पडलेली मेढ उलटून पाहा, ती बहुधा जमिनीलगतच मोडलेली असते. नवी मुंबईसाठी १९७० नंतर जमिनी गेल्या, तरी पनवेल-उरणकडील गावांत ज्यांनी गुरे राखली आहेत, त्यांच्यासाठी हा विषय घेतला आहे.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर ती वाढत नाही. जमिनीत खोलवर हवा कमी, वर लाकूड वाळते. म्हणून जमिनीलगतचा वीतभर भाग आधी जातो. त्यात पागोळ्यांचे शिंतोडे, गुरांचे मूत्र आणि कुडाला टेकवलेला शेणाचा ढीग यांची भर पडते.

एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक मेढीच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले असे समजावे.

बरेच जण अशा बुडाभोवती सिमेंट ओततात. कृपया असे करू नका. सिमेंट व लाकूड यांमधील फटीत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. मेढ आतून कुजत राहते आणि वरून पक्की दिसते, हे अधिक धोक्याचे. जुन्या घरांचे खांब दगडी तळखड्यावर उभे असत, पुरलेले नसत. आपणही तेच करावयाचे आहे.

गुरे बाहेर बांधावीत. तुळईखाली दोन्ही बाजूंस भक्कम टेकू द्यावेत. एका वेळी एकच मेढ घ्यावी. कुजका भाग वरच्या वीतभर चांगल्या लाकडासह कापावा, कारण बुरशीचे धागे दिसतात त्यापुढे गेलेले असतात. जुना बुंधा उपटून त्या खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा जमिनीवर फूटभर येईल असा ओतावा. माथा उतरता ठेवावा. मेढीच्या दोन बाजूंना येतील अशा लोखंडी पट्ट्या ओल्या काँक्रीटमध्येच रोवाव्यात. खाडीची हवा लोखंड खाते, तेव्हा जस्त चढविलेल्या घ्याव्यात. लाकडाखाली जाड पत्रा ठेवून आरपार बोल्ट आवळावेत. ठोकळ्यावर सात दिवस पाणी मारावे. तोवर टेकू हलवू नयेत.

कारवीच्या कुडाची टोके कुजली असतील तर ती छाटून कूड विटांच्या दीड फूट भिंतीवर घ्यावा.

जळके ऑइल फासण्याची सवय सोडावी. ते आत मुरत नाही आणि गुरे चाटतात. त्यापेक्षा पागोळीखाली खडी भरलेला चर काढून त्याला उतार द्यावा.