पाण्यात चाला, पोहता येत नसलं तरी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून मला दहा मिनिटं दिलीत. पायांबद्दल बोलते. दुकानात, शाळेत, ओट्यापाशी दिवसभर उभी राहणारी माणसं आपल्यात कमी नाहीत. पोटरीवर निळ्या शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी कातडी काळवंडते. वयाचं आहे म्हणून आपण सोडून देतो.

माझ्या आईनंही सोडून दिलं होतं. माझं माहेर लातूर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. आई तासन्‌तास टँकरच्या रांगेत उभी असायची. रात्री पाय ठणकले की टबात गरम पाणी घेऊन शेकायची. तेच पाणी मग संडासात. घोट्याजवळ जखम झाली, ती साडीखाली झाकलेली. मी रोज दुसऱ्यांचे पाय तपासते, पण आईचे पाहिलेच नव्हते.

गरम पाण्यानं शिरा आणखी सैल पडतात. आधीच त्यांच्यातल्या झडपा नीट मिटत नाहीत, त्यामुळे रक्त खाली साचतं. ते वर ढकलायचं काम पोटरीच्या स्नायूचं, पण नुसतं उभं राहिलं की तो स्वस्थ बसतो. छातीपर्यंतच्या, साधारण चार फूट पाण्यात उभं राहिलं तर घोट्यावर ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पडतो. आपण डॉक्टरांच्या सल्ल्यानं घालतो ते घट्ट मोजे बहुधा २० ते ३० चे असतात. शिवाय पाण्याचा दाब तळाशी जास्त, वर कमी. म्हणून रक्त वर सरकतं. चालायला लागलं की पोटरीही कामाला लागते आणि गुडघ्यांवर भार कमी येतो. बादलीत पाय बुडवून हे होत नाही बरं का, खोली लागते.

जखम पट्ट्या बांधून पूर्ण भरली, मगच आईला इथं नांदेडला तलावावर नेलं. म्हणाली, "लातुरात प्यायला पाणी नव्हतं, आणि तू मला पाण्यात फिरवतेस!" कठडा धरून टाचा वर-खाली, मग चालणं, मग बसल्या जागी सायकल मारल्यासारखे पाय. अर्धा तास. बाहेर आल्यावर पाय पुसून लगेच मोजे. झडपा काही दुरुस्त झाल्या नाहीत, पण संध्याकाळची सूज पुष्कळ उतरली.

उघडी जखम, पायात नुकतीच झालेली रक्ताची गाठ किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आणि गोदावरीच्या घाटावर तर नकोच. शेवाळावरून पाय घसरतो.

बायकांना पोहण्याच्या कपड्यांचा संकोच वाटतो, आईलाही वाटला. म्हणून सकाळी फक्त बायकांची वेळ मिळते का, ते मी तलावावर विचारणार आहे. दहा जणी असल्या तर विचारायला बरं. जेवणाच्या रांगेत मला नाव सांगा.