पोराचे क्लीटचे बूट

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. अशा गावातलं पोर पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट मागणारच! पण वाढत्या वयात बूट वर्षभरही पुरत नाहीत. नव्याचा हट्ट कशाला? सायकलवाल्या ओळखीतल्या मोठ्या मुलाचे जुने विचारा. दोन बोल्टची एसपीडी क्लीट बरी. ती बुटाच्या तळात खोल बसते, चालता येतं, आणि पुढच्या बुटांना काढून लावता येते. पेडलच्या पकडीचा स्क्रू सैल ठेवा. टाच बाहेर वळवून पाय सोडवणं भिंतीला धरून शिकवा, गंगापूर रोडच्या सिग्नलवर नव्हे! मोठा बूट घेऊन कापूस मात्र कोंबू नका. आत पाय नुसताच फिरतो, क्लीट सुटत नाही.