रहस्यकथा आणि आपला संशय



रहस्यकथा वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे मला वाटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांत धनंजय खुनी शोधतो. दोस्तोव्हस्की ह्या रशियन लेखकाच्या १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ ह्या कादंबरीत मात्र खुनी आपल्याला आधीच ठाऊक असतो. त्याचे मनच त्याला खाते. मध्येच एक निरपराध रंगारी पकडला जातो व न केलेला खून कबूलही करतो!

आपल्या कुहीत कुणाच्या घरी दागिना हरवला की पहिला संशय कामवालीवर. पुरावा कोण मागतो? दागिना पुढे कपाटातच सापडतो. तिची गेलेली अब्रू सापडत नाही. नाव घेण्याआधी एवढे आठवावे, ही विनंती.