पुष्टीचा प्रश्न आणि हाताची सवय

‘ही फाईल खरोखर काढून टाकायची का?’ असे संगणकाने विचारले की वापरणाऱ्याची चूक टळते, हा रूढ समज जेफ रास्किन यांनी ठामपणे नाकारला. ॲपल कंपनीत १९७९ मध्ये मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणाऱ्या रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या पुस्तकात इंटरफेसचा, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातील व्यवहाराच्या रीतीचा, विचार मानवी सवयींच्या आधारे केला. तोच प्रश्न वारंवार समोर आला की ‘होय’ दाबणे हा फाईल काढण्याच्या कृतीचाच भाग बनतो, हात विचाराआधी चालतो, आणि चूक झाल्याचे भान नंतर येते. म्हणून प्रश्न विचारण्यापेक्षा केलेली कृती मागे घेण्याची सोय द्यावी, हे त्यांचे प्रतिपादन आजही तितकेच ग्राह्य आहे.

त्यांचा दुसरा आक्षेप ‘मोड’वर होता. एकच कळ यंत्राच्या स्थितीनुसार वेगवेगळे परिणाम घडवते आणि लक्ष कामात गुंतलेल्या माणसाला ती स्थिती जाणवत नाही, तेव्हा त्या स्थितीला मोड म्हणतात. कॅप्स लॉक हे त्याचे परिचित उदाहरण होय. त्याउलट शिफ्टची कळ दाबून धरावी लागत असल्याने बोटालाच स्थितीची जाणीव राहते. १९८७ च्या ‘कॅनन कॅट’ या यंत्रात रास्किन यांनी हेच तत्त्व वापरले: ‘लीप’ कळ दाबून धरून शब्दाची अक्षरे टंकली की कर्सर थेट त्या शब्दावर जात असे.