अंथरुणाला खिळलेल्या जवानाचा हक्क

(माजी सैनिक व वीरपत्नींच्या मेळाव्यातील भाषण)



मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. ज्या गावात एकही फौजी नाही असे गाव आपल्या भागात सापडणे कठीण. पलटणीतून आलेला माणूस चालता-फिरता आहे तोवर त्याला सगळे सलाम करतात. तो अंथरुणाला खिळला की भार पडतो तो घरच्या बाईवर. आज मला त्या भाराबद्दल बोलायचे आहे.

आमच्या भागात एक हवालदार होते. नोकरीत असताना पाठीच्या कण्याला मार लागला, कमरेखालचे अंग गेले. शंभर टक्के अपंगत्व लिहून त्यांना घरी पाठवले. वहिनींनी त्यांना बारा वर्षे उचलले, अंघोळ घातली, रात्री दोनदा उठून कूस बदलली. अपंगत्व पेन्शन येत होती. पण सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी वेगळा भत्ता असतो, हे त्या घराला कोणी सांगितले नाही. मी तरी कुठे सांगितले? महिन्यातून एकदा जाऊन चहा पिऊन येत होतो. मलाच ठाऊक नव्हते!

त्या भत्त्याला कायम परिचर भत्ता म्हणतात. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये झाला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्के वाढ होते. अटी नीट ऐका. अपंगत्व शंभर टक्के हवे. ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे बळावलेले हवे. आणि रोजच्या व्यवहारासाठी दुसऱ्याचा आधार लागतो, असे वैद्यकीय मंडळाने लिहिलेले हवे. सरकारी रुग्णालयात भरती असाल त्या काळात तो मिळत नाही. हवालदारांच्या कागदावर तिसरी ओळच नव्हती. ट्रंकेतून कागद काढले, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला, पुन्हा तपासणी झाली आणि भत्ता सुरू झाला. त्यानंतर ते दीड वर्ष जगले. आधीची बारा वर्षे कोण भरून देणार?

'सेवेमुळे' या एका शब्दावर अनेकांचे दावे नाकारले जातात. घाबरू नका. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर नंतरचा आजार सेवेतलाच धरावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितले आहे. नकार आला तर आधी अपील करा, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. आपल्याला तेही कोचीचे! मुंबईच्या पीठाकडे महाराष्ट्र आणि गोवा, आपण मात्र कर्नाटकात म्हणून कोचीकडे. सीमाभागाचे दुखणे इथेही सुटत नाही. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी आपले कागद त्या नियमांप्रमाणे तपासून घ्यावेत.

आता माता-भगिनींसाठी. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. हे कुटुंब पेन्शनलाही लागू आहे. पण पीपीओवर बाईची जन्मतारीख नसेल, तर ती ८० ची झाली हे कळणार कसे? किती आज्जी यामुळे वंचित असतील! आज घरी गेल्यावर पहिले काम हे करा: पीपीओ काढा आणि जन्मतारीख बघा.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांचे काय? हवालदारापर्यंतच्या हुद्द्याचे, ६५ वर्षांवरील निराधार माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. ती दरमहा ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली आहे. अर्ज राहत्या जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातून जातो. चंदगडच्या बांधवांनी दवाखान्याला बेळगावला यावे, पण हा अर्ज कोल्हापूरला द्यावा. नाही तर कागद मधेच लटकतो.

बंधूंनो, ही पेन्शन केंद्राची आहे. गाव कुठल्या राज्यात गेले, यावर ती ठरत नाही. फॉर्म हिंदी-इंग्रजीत असतो, म्हातारी माणसे बघूनच बाजूला ठेवतात. म्हणून प्रत्येक गावातल्या एका शिकलेल्या पोराने आपल्या गावातले अंथरुणावरचे फौजी आणि ८० वर्षांच्या आज्जी यांची यादी करावी. नोव्हेंबरात त्यांचा हयातीचा दाखला भरावा. ८० वरच्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि आता चेहरा दाखवून घरबसल्या मोबाइलवरही होतो.

हवालदारांच्या वहिनी आज इथे बसल्या आहेत. त्यांनी मला एकच सांगितले, "भाऊजी, दुसऱ्या घरी तरी वेळेवर जा." त्यासाठीच मी आज उभा राहिलो.

जय हिंद!