बॅटरसी : एका मतदारसंघाची हकीकत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विलायतेच्या पार्लमेंटवर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्हांला थोडे हसू आले. आम्ही विलायत पाहिलेली नाही. आमचे शिक्षण सातवीनंतर रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतील एका कपाटापुढे झाले. परंतु त्या कपाटातील पुस्तकांमुळे लंडनमधील एका मतदारसंघाशी आमची फार जुनी ओळख आहे. सबंध पार्लमेंट आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून त्या एका मतदारसंघाचीच हकीकत सांगतो. त्याचे नाव बॅटरसी.

थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरचा हा भाग एके काळी भाजीच्या मळ्यांचा होता. पुढे आगगाडी आली आणि मळे गेले. १८६३ साली क्लॅपहॅम जंक्शन उघडले. नावात क्लॅपहॅम असले तरी ते स्टेशन आहे बॅटरसीत. नदीकाठी मेणबत्त्यांचा कारखाना झाला, धातू वितळविण्याच्या मुशींचा झाला. त्यांच्या आसपास मजुरांची दाट वस्ती वाढली. १८८५ साली ह्या वस्तीला पार्लमेंटात स्वतंत्र जागा मिळाली, आणि पहिला सभासद कोण निवडून गेला? लिबरल पक्षाचे ऑक्टेव्हियस मॉर्गन, म्हणजे मुशींच्या कारखान्याच्या मालकबंधूंपैकीच एक! ह्यात नवल नाही. सर्व मजुरांना त्या वेळी मत नव्हते, आणि मुख्य म्हणजे पार्लमेंटच्या सभासदाला पगार नव्हता. कायद्याने कोणालाही अडविले नव्हते. पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याने बिनपगारी सभासद व्हावे कसे?

बॅटरसीच्या मजुरांनी ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गणीने दिले. जॉन बर्न्स हा त्यांच्यातलाच मनुष्य. लहानपणी मेणबत्तीच्या कारखान्यात राबलेला, पुढे यंत्रकामगार झालेला, १८८७ साली ट्रॅफल्गार चौकातील निदर्शनाबद्दल सहा आठवडे तुरुंगात बसलेला. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांनी ताशी सहा पेन्सांसाठी संप केला व तो जिंकला. त्या संपाच्या पुढाऱ्यांत बर्न्स होता. त्याच्या निर्वाहासाठी मजुरांनी ‘वेतन निधी’ उभारला. १८९२ साली तो पार्लमेंटात गेला. (त्याच निवडणुकीत आपले दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून फेरमोजणीअंती अवघ्या पाच मतांनी निवडून आले.) सभासदांना सरकारी पगार, वर्षाला ४०० पौंड, मिळू लागला तो १९११ साली. ज्यांनी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार पायपीट केली आहे त्यांना ही मधली एकोणीस वर्षे किती लांब होती ते वेगळे सांगावयास नको.

पुढे १९०५ साली बर्न्स मंत्री झाला. मंत्रिमंडळात बसणारा तो पहिला कामगार. पण बेकारांच्या बाबतीत त्याच्या खात्याने हात आखडता घेतला, आणि जुने सोबती दुरावले. आम्ही त्याला दगाबाज म्हणणार नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा ह्याच मनुष्याने मंत्रिपद सोडले.

पुढाऱ्यापेक्षा वस्ती मोठी होती, हे मात्र खरे. बॅटरसीच्या नगरपालिकेने १९०३ साली लॅचमिअर येथे ठेकेदार न नेमता, स्वतःच्या मजुरांकरवी घरे बांधली. तेथील एका रस्त्याला तिने जूबेर ह्या बोअर सेनापतीचे नाव दिले! बोअर युद्ध नुकतेच संपले होते. शत्रूच्या सेनापतीचे नाव आपल्या रस्त्याला देण्याची छाती किती नगरपालिकांना होईल? १९१३ साली ह्याच पालिकेने जॉन आर्चर ह्या कृष्णवर्णी छायाचित्रकाराला महापौर केले, चाळीस विरुद्ध एकोणचाळीस मतांनी.

१९१८ साली मतदारसंघाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. उत्तर भाग नदीकाठचा, मजुरांचा. त्या वर्षी तेथे मजूर पक्षातर्फे शार्लट डेस्पार्ड ही युद्धविरोधी बाई उभी राहिली आणि पडली. १९२२ साली त्याच जागी मुंबईचा एक पारशी उभा राहिला. शापूरजी सकलातवाला, जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे. मुंबईच्या प्लेगात हाफकीन ह्यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते, टाटांसाठी लोखंडाच्या खाणी धुंडाळल्या होत्या, १९०५ साली ते विलायतेस गेले होते आणि आता कम्युनिस्ट झाले होते. स्थानिक मजूर पक्षाने त्यांनाच उमेदवारी दिली. निवडणुकीचे सूत्रधार होते जॉन आर्चर. ते निवडून आले. १९२३ साली १८६ मतांनी पडले. १९२४ साली, ह्या खेपेस उघड कम्युनिस्ट म्हणून, ५४२ मतांनी पुन्हा आले.

लोक म्हणतात, इंग्रज मजूर किती उदार! आम्हांला ते तितकेसे पटत नाही. ह्या निवडीमागे तीस वर्षांची वर्गणी, ट्रेड कौन्सिलच्या सभा आणि ज्याचे म्हणणे पटेल त्याच्या पाठीशी उभे राहण्याची सवय होती. सकलातवाला पार्लमेंटात हिंदुस्थानच्या गिरणी कामगारांबद्दल बोलत, आणि त्यांचा मतदार ते आपलेच गाऱ्हाणे म्हणून ऐके. १९२६ च्या मे दिनी हाइड पार्कमध्ये त्यांनी सैनिकांना आवाहन केले की संपकऱ्यांवर गोळी झाडू नका. चांगल्या वर्तणुकीचा जामीन देण्याचे नाकारून ते दोन महिने तुरुंगात गेले. १९२७ साली हिंदुस्थानात येऊन त्यांनी गांधीजींशी चरख्यावरून जाहीर वाद घातला. ते परत जाताच सरकारने त्यांना मायदेशाचा दरवाजा कायमचा बंद केला. ह्याच गृहस्थांनी त्या वर्षी लंडनमध्ये मुलांचे नवजोत केले आणि स्वतःच्या पक्षाचाही रोष ओढवून घेतला!

आता दुःखाचा भाग. मजूर पक्षाच्या वरिष्ठांनी हुकूम काढला की कम्युनिस्टांना बाहेर काढा. बॅटरसीच्या संघटनेने ऐकले नाही, तेव्हा १९२६ साली संघटनेलाच पक्षाबाहेर काढण्यात आले आणि तिच्याशेजारी नवी अधिकृत संघटना उभी झाली. एकाच गल्लीत दोन फलक लागले. १९२९ साली अधिकृत उमेदवार सँडर्स निवडून आले, सकलातवाला तिसरे आले. सँडर्सच्या निवडणुकीचे सूत्रधार कोण होते? जॉन आर्चर!

ह्या जागी आम्ही पुस्तक पुष्कळदा मिटून ठेवले आहे. आमचीही युनियन एकदा फुटली. ज्या वडील सहकाऱ्यांनी आम्हांला हिशेबाची वही लिहावयास शिकविले, ते फाटकाच्या त्या बाजूला आणि आम्ही ह्या बाजूला होतो. समोरासमोर आलो की दोघेही चपलेकडे पाहात असू. आर्चर चुकले की सकलातवाला, ह्याचा निवाडा आम्हांला आजही करता येत नाही. आर्चर १९३२ साली गेले, सकलातवाला १९३६ साली.

पुढची हकीकत थोडक्यात. १९४६ पासून १९८३ पर्यंत उत्तर बॅटरसी मजूर पक्षाच्या डग्लस जे ह्यांच्याकडे होती. १९८३ साली दोन्ही भाग मोडून पुन्हा एक बॅटरसी झाली, आणि त्याच वर्षी नदीकाठचे प्रचंड वीजकेंद्रही बंद पडले. कारखाने गेले, मजुरांच्या घरांना पैसेवाले गिऱ्हाईक आले. १९८७ साली जागा हुजूर पक्षाकडे गेली. तेव्हापासून ती इकडून तिकडे जात आली आहे. २००५ साली मजूर पक्षाने ती केवळ १६३ मतांनी राखली. २०१७ पासून मार्शा डी कॉर्डोव्हा ह्या मजूर पक्षाच्या बाई तेथून निवडून येत आहेत. २०२४ सालीही आल्या. वीजकेंद्राच्या चार धुराड्यांखाली २०२२ साली दुकाने उघडली.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९२५ साली जगातील पार्लमेंट-सभासदांची परिषद वॉशिंग्टनला भरली. ब्रिटिश प्रतिनिधींत सकलातवालांचे नाव होते; अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांचा परवाना रद्द केला. २०१८ साली अमेरिकेची लंडनमधील नवी वकिलात उघडली, ती नाइन एल्म्स येथे. हा भाग सकलातवालांच्या जुन्या मतदारसंघातला. परवान्यासाठी लोक आता तेथे रांगेत उभे राहतात.

घंटा झाली. आम्ही आपली रजा घेतो.